दुसऱ्या दिवसाचे आकडे

शाळेतून विज्ञान प्रदर्शनाची सूचना आली की घरोघरी धावपळ उडते. कोपऱ्यावरच्या दुकानातले पुठ्ठे आणि रंग संपतात, आईबाबांना ऑफिसातून लवकर निघावे लागते आणि आदल्या रात्री बारा वाजता मातीच्या ज्वालामुखीतून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर फसफसत बाहेर येतात. आमची लेक सातवीत गेली आणि ही पाळी आमच्यावर आली. तिलाही ज्वालामुखीच करायचा होता.

“तो फसफसणार हे तुला आधीच ठाऊक आहे. मग प्रयोग कशाचा?” मी ऐटीत विचारले. शहाणपण सांगायला माझे काय जात होते! पुढे त्याच शहाणपणाची परीक्षा माझीच व्हायची होती.

खरा प्रश्न मिळाला तो स्वयंपाकघरात. पुण्यात ऑक्टोबरचे ऊन तापू लागले होते. कुणीतरी भेट दिलेला रंगीत, नक्षीदार माठ बायकोने ओट्यावर मांडला. माझी आई म्हणाली, “दिसायला छान आहे, पण रंगवलेल्या माठात पाणी गार होत नाही हो.”

मी लगेच बाष्पीभवनावर व्याख्यान सुरू केले. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातल्या पाण्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी एका अंशाने गार होईल एवढी उष्णता. रंगाने छिद्रे बुजली की सगळे थांबले.

लेकीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पण किती फरक पडतो, बाबा?”

ते मलाही माहीत नव्हते. म्हणजे प्रयोग सापडला होता!

नवरात्र जवळ आले होते, त्यामुळे कुंभारवाड्यात घटांच्या राशी लागलेल्या. एकाच मापाचे दोन घट आणले. एकाला बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात दिले, दुसरा तसाच ठेवला. जोडीला तेवढ्याच मापाचे स्टीलचे भांडे. तिन्हींत अर्धा-अर्धा लिटर पाणी, तिन्हींवर सारखी झाकणे, तिन्ही एकाच टेबलावर, खिडकीजवळ पण सावलीत. बदलायची ती एकच गोष्ट, बाकी सगळे सारखे, ही शिस्त बाईंनी वर्गात शिकवलेली होती. शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर मागून आणला आणि दर अर्ध्या तासाने तीन तास नोंदी घ्यायचे ठरले.

पहिला प्रयत्न पाण्यात गेला. कोऱ्या घटानेच पाणी पिऊन टाकले आणि तासाभरात मापच बिघडले! मग दोन्ही घट रात्रभर पाण्याने भरून ठेवले. लेकीने वहीत लिहिले, ‘घट आधी भिजवावेत.’ हे पान फाडून टाकू नकोस, असे तिला बजावणारा मीच होतो.

रविवारी कडक ऊन होते. खोलीत ३१ अंश, पाणी सुरुवातीला ३०. तीन तासांनी स्टीलमध्ये ३०, रंगवलेल्या घटात ३० आणि कोऱ्या घटात चक्क २५! लेक नाचलीच.

बाईंनी सांगितले होते की प्रयोग किमान दोनदा करा. पुढच्या रविवारी परतीच्या पावसाने सकाळपासून झोडपायला सुरुवात केली. खोलीत २७ अंश, पाणीही २७. तीन तासांनी कोऱ्या घटात २६. फक्त एका अंशाचा फरक. लेकीचा चेहरा पडला. प्रदर्शन बुधवारी होते.

आणि मी म्हणालो, “राहू दे. पहिल्या दिवसाचेच आकडे लिही. कुणाला कळणार आहे?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “पण मोजलंय ना आपण?”

मला उत्तर सुचेना. उत्तर दिले ते कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या आईने. “अरे, पावसाळ्यात माठ कधी गार होतो का? म्हणून तर तो माळ्यावर टाकतो आपण!”

दमट हवेत आधीच भरपूर वाफ असते, त्यामुळे घटावरचे पाणी सहज उडून जात नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यातला माठ आणि मुंबईच्या घामट हवेतला माठ यांत फरक पडतो तो यामुळेच. जे आकडे मी टाकून द्यायला निघालो होतो, तेच प्रयोगातले सर्वांत बोलके आकडे होते.

अशाच एका अडचणीच्या आकड्याची गोष्ट मला त्या रात्री आठवली. १८९२ साली लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक पदार्थांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरला. फरक हजारात सुमारे एका भागाचा. त्यांनी तो झाकला नाही, ‘नेचर’मध्ये पत्र लिहून जगापुढे मांडला. त्याच शोधातून १८९४ मध्ये रॅले आणि विल्यम रॅमसे यांना आर्गॉन वायू सापडला आणि १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळाले.

आमचा पुठ्ठा साधाच झाला. वर मोठ्या अक्षरांत प्रश्न, ‘रंगवलेल्या माठात पाणी गार होते का?’ खाली साहित्य आणि कृती चार ओळींत. मधोमध चौकटीच्या कागदावर दोन आलेख, उन्हाचा आणि पावसाचा, शेजारी शेजारी. समोर डागाळलेली नोंदवही आणि हात लावून पाहायला दोन्ही घट. दोन मिनिटांचे बोलणे तिने आजीसमोर म्हणून पाहिले. आजी जिथे अडली, तिथे वाक्य बदलले.

प्रदर्शनात एका परीक्षकांनी विचारले, “दुसऱ्या दिवशी प्रयोग फसला का?”

“नाही सर. हवा बदलली.”

“दमटपणामुळेच झालं, हे कशावरून?”

मी मागे उभा होतो. माझ्याच घशाला कोरड पडली. ती म्हणाली, “ते मी मोजलेलं नाही. त्या दिवशी खोलीही थंड होती. पण थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून मोजता येईल.”

परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढे गेले. बक्षीस मिळाले नाही. घरी येताना रिक्षात ती जरा गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, थर्मामीटर अजून दोन दिवस ठेवून घेऊ या का?”

बाईंची परवानगी मिळाली. त्या संध्याकाळी आईच्या जुन्या साडीची एक पट्टी फाडून ओली केली आणि वहीचे नवे पान उघडले. या वेळी मी काही सुचवले नाही. ती सांगेल तो आकडा फक्त लिहून घेतला.