पायवाटेची आखणी : बटेश्वर, मितावली आणि ग्वाल्हेरचा किल्ला
(पर्यटनस्थळांची व्यवस्था : लेखांक 6)

ग्वाल्हेरपासून 35-40 किलोमीटरवर, मुरैना जिल्ह्यात, मितावली, पढावली आणि बटेश्वर ही तीन स्थळे एका सकाळी पाहून होतील इतकी जवळजवळ आहेत. मितावलीला शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या सुमारे 100 फुटी टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. पढावलीला जुन्या मंदिराभोवती पुढे उठवलेली गढी, तर बटेश्वरला डोंगरउतारावर प्रतिहार काळातल्या सुमारे 200 लहान मंदिरांचा पसारा आहे. येणाऱ्या माणसांना कुठून आत घ्यावे, कुठून फिरवावे आणि कुठे अडवावे, हा प्रश्न तिन्हीकडे सारखाच. उत्तर मात्र जमिनीवर आणि जपायच्या वस्तूवर अवलंबून असते.

यातले सर्वांत नाजूक ठिकाण बटेश्वर. 1882 मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आले तेव्हा त्यांना शंभराहून अधिक लहानमोठ्या मंदिरांची गर्दी दिसली होती. पुढे बहुतेक भाग दगडांचा ढीगच होऊन राहिला. 2005 पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली पडलेले दगड ओळखून, जुळवून मंदिरे पुन्हा उभी करायला घेतली. या कामात दगड कुठे पडला आहे हाच मोठा पुरावा असतो. शिखराची शिळा ज्या चौथऱ्याशेजारी सापडते, ती बहुधा त्याच मंदिराची. म्हणून न जुळवलेल्या ढिगावर बसलेला, किंवा फोटोत आडवा येतो म्हणून कोरीव तुकडा हातभर सरकवणारा पर्यटक काही फोडत नसला तरी पुरावा पुसत असतो. अशा जागी वाट उभ्या केलेल्या मंदिरांच्या ओळींमधून न्यावी आणि ढीग दिसेल पण पायाखाली येणार नाही इतका लांब ठेवावा. त्यासाठी उंच जाळी लागत नाही. गुडघ्याएवढ्या खांबांवर ओढलेला दोरही बहुतेकांना थांबवतो. जाळीने मात्र स्थळाची शोभाच जाते.

गर्दी झाली की माणसे चहूकडे पांगवावीत, असे सहज वाटते. पायवाटांचा अभ्यास उलटे सांगतो. गवताची आणि मातीची बहुतांश हानी पहिल्या काही पायांतच होते. मुळे दबतात, माती घट्ट होते, पाणी मुरेनासे होते. त्यानंतर त्याच पट्ट्यावरून हजारो माणसे गेली तरी नुकसान फारसे वाढत नाही. ज्या ठिकाणी रोज माणसे येतात तिथे सगळ्यांना एकाच पक्क्या वाटेवर आणणे हिताचे. क्वचित कोणी फिरकते अशा रानात मात्र ठरावीक वाट पडू न देणे बरे. पाटीवर ‘इकडे जाऊ नये’ लिहिण्यापेक्षा जायची वाट चालायला सोपी करणे अधिक गुण देते.

वाटेचा खरा शत्रू पाऊल नसून पाणी असते. चंबळच्या खोऱ्यात हे वेगळे सांगावे लागू नये, कारण तिथले बीहड म्हणजे गाळाच्या मातीत पाण्याने कोरलेल्या घळींचेच जाळे आहे. चढावरून सरळ खाली उतरणारी पायवाट ही अशाच घळीची सुरुवात ठरू शकते. माणसांनी दाबलेल्या पट्ट्यात पाणी मुरत नाही. ते वेग घेते, माती नेते, वाट खोल होते. मग लोक शेजारून चालू लागतात आणि दुसरी घळ सुरू होते. यावर जुना ठोकताळा असा, की वाटेचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक असू नये. उतार 20 टक्के असेल तर वाट 10 टक्क्यांच्या आत, म्हणजेच उताराला तिरपी काढायची. तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवली की पाणी वाटेवरून न वाहता ती ओलांडून जाते. जिथे तिरपे जायला जागा नाही, तिथे दगडी पायऱ्या हाच उपाय.

मितावलीला वर जायला पायऱ्याच आहेत. अशा सुट्या टेकडीवर त्यांना बगल देणारी चोरवाट पडली तर पर्यटकांना दोष देऊन भागत नाही. पायऱ्या फार उंच आहेत, वळण उगाच लांब आहे, की उतरणाऱ्यांना चढणाऱ्यांची वाट पाहावी लागते, हे आधी पाहावे लागते. आधी चोरवाटेचे कारण काढायचे आणि मग तिच्या तोंडाशी काटेरी झुडूप लावायचे; क्रम उलटला तर झुडूप तुडवले जाते. या मंदिराच्या बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार केलेला होता. मध्यभागीच्या मंडपावर पडणारे पावसाचे पाणी छिद्रांतून जमिनीखालच्या साठ्यात जाण्याची सोय तिथे आहे. (दिल्लीची जुनी संसद याच मंदिरावरून बेतली, असे वारंवार छापून येते. त्याला कागदोपत्री आधार नाही. गर्दी मात्र त्या ऐकीव गोष्टीने वाढली आहे.)

दार कुठे आहे, यावर काय पाहिले जाईल हे ठरते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाडी उरवाई दरवाज्याने चढते. त्या घाटात कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतात. पूर्वेकडची वाट फक्त पायी चढायची. ती गुजरी महालापासून निघते आणि एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरावरून जाते. तिथल्या इ.स. 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे शून्यासह कोरलेले आहेत. गाडीने वर जाऊन गाडीनेच उतरणाऱ्याला ते मंदिर लागतच नाही. उरवाईने चढवून पूर्वेकडून पायी उतरवणारी एकेरी फेरी आखली, तर दोन्ही गोष्टी दिसतात आणि चढणारे-उतरणारे समोरासमोर येत नाहीत. पायथ्याला परतीचे वाहन हवे, एवढीच अट. वाहनतळ लांब ठेवण्याला कायद्याचाही आधार आहे : 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचे 100 मीटर बांधकामाला निषिद्ध आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित आहेत.

आता संख्या. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क अशी पद्धत आली. गावांच्या वनव्यवस्थापन समित्या ती राबवतात. तिथे जाळीचे कुंपणही घातले गेले. पुढे गुरांची चराई थांबल्याने गवत माजून फुले घटल्याची तक्रार झाली आणि जाळी काढली गेली. कातळावरच्या पातळ मातीत पर्यटकाचा पाय घातक असला, तरी गुरांचा वावर त्या फुलांच्या जीवनक्रमात बसलेला होता.

मर्यादेचा आकडा काढण्याची एक रीत 1992 मध्ये मिगेल सिफुएंतेस यांनी मांडली. समजा वाट 600 मीटर आहे. दहा जणांच्या गटाला मधल्या अंतरासह 60 मीटर लागतात, म्हणजे एका वेळी 10 गट, 100 माणसे. स्थळ 10 तास उघडे आणि फेरी 2 तासांची असेल तर दिवसाला 500. ही झाली निव्वळ जागेची क्षमता. त्यातून ऊन, पाऊस, निसरडा भाग यांची वजावट करायची. ग्वाल्हेरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा दुपारचे चार तास वजा धरले तर 300 उरतात. शेवटी रखवालदार, पाणी, शौचालये यांचा हिशेब. राखणीची माणसे गरजेच्या निम्मीच असतील तर आकडाही 150 वर येतो. सर्वांत कमी पडणारी गोष्ट बहुधा हीच असते, आणि आकडा जाहीर करताना नेमकी तीच विसरली जाते.

आकडा ठरला तरी वाट मोजत राहावी लागते. ठरावीक दहा-बारा ठिकाणी खुणा करून पावसाळ्याआधी आणि नंतर टेपने रुंदी व खोली मोजावी आणि त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. रुंदी वाढत असेल तर आधी चिखल शोधावा. चिखल असेल तर चर काढून पाणी बाजूला काढणे पुरते. उघडे पडलेले टोकदार दगड लोकांना कडेला ढकलत असतील तर भराव घालावा. दोन्ही नसेल, तर वाट समोरासमोरच्या रहदारीला अपुरी आहे असे समजून ती एकेरी करावी.