पुरोहिताच्या डोक्यावरचे वाडगे

पनवेल तालुक्यातील बेलपाडा हे गाव आता खारघरच्या इमारतींत मिसळून गेले असले, आणि त्याच्या नावाची पाटी मेट्रोच्या स्थानकावर चढली असली, तरी या खाडीकाठच्या जुन्या माणसांना मिठाचा गुण कोणी शिकवावा लागत नाही. ज्या मुलखात आगरी या नावाचा संबंध मिठागरांशी जोडतात आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी घरोघर खारवलेली मासळी राखून ठेवतात, तेथे मीठ ओलावा शोषून घेते व ओलावा गेलेला जिन्नस नासत नाही, हे शास्त्र म्हणून नव्हे, तर नित्याचा अनुभव म्हणून ठाऊक असते. प्राचीन मिसर देशातील मृतसंस्काराच्या मुळाशी हाच साधा अनुभव होता. तेथील कोरड्या सरोवरांच्या काठी मिळणारा, आपल्या पापडखाराच्या जातीचा नत्रून नावाचा क्षार देहाच्या आतबाहेर भरून तो सुमारे चाळीस दिवस वाळवीत, मग त्यास राळ चोपडून अळशीच्या धाग्यांच्या कापडात गुंडाळीत. हा सारा संस्कार सुमारे ७० दिवस चाले.

अशा संस्काराने टिकलेला एक देह २०१२ च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडून प्रदर्शनासाठी आला होता. हार्बर मार्गाच्या गाडीने निघालेल्या बेलपाड्याच्या माणसास तासा-सव्वातासात ज्याची भेट घडावी, असा हा पाहुणा इसवी सनापूर्वी सुमारे ८०० च्या काळातला, म्हणजे जवळजवळ २,८०० वर्षांचा होता. त्याचे नाव नेस्पेरेन्नुब.

तो काळ मिसरी वैभवाच्या मध्यान्हीचा नव्हे. पिरॅमिडांना त्या वेळीच सतराशे वर्षे होऊन गेली होती, सिंहासनावर लिबियन वंशाचे फराओ होते, आणि दक्षिणेकडील थीब्ज नगरीत अमून देवाच्या पुरोहितांचा दरारा राजाच्या हुकमाहून फारसा कमी नव्हता. भिंतीभर चित्रे रंगविलेली स्वतंत्र थडगी बांधण्याची चाल मागे पडून, पूर्वी जे भिंतीवर लिहीत ते आता शवपेटीवरच लिहू लागले होते. त्यामुळे या उत्तरकालीन फराओंच्या राज्यातील माणसे ओळखण्यास त्यांच्या शवपेट्या हेच मोठे दफ्तर झाले. शांपोलियनने १८२२ साली चित्रलिपीची किल्ली जगापुढे ठेवली नसती, तर हे दफ्तर मुकेच राहिले असते. नेस्पेरेन्नुबच्या पेटीवरील मजकुरातून कळते ते असे, की तो कर्नाक येथील खोन्सू या चंद्रदेवतेच्या मंदिरातील पुरोहित होता, देवाला उदक अर्पण करणे हे त्याचे काम होते, आणि त्याचा बाप अंखेफेनखोन्स हाही त्याच मंदिराच्या सेवेत होता. आपल्याकडील जोशीपणाचे किंवा गुरवकीचे वतन जसे बापाकडून मुलाकडे येते, तसाच हा हुद्दा घरात चालत आलेला होता.

पेटीवरचा लेख येथे थांबतो. पुढचे देहाला विचारावे लागते, आणि तेही वेष्टनाची एक पट्टी न उलगडता. वैद्यकात वापरतात त्या सीटी यंत्राने या देहाचे १,५०० हून अधिक छेद टिपून संगणकाने ते एकत्र जुळवले, तेव्हा कापडाखालचा माणूस दिसू लागला: वय चाळिशीच्या आसपास, खोबणीत बसविलेले कृत्रिम डोळे, आणि डाव्या डोळ्याच्या वर कवटीला पडलेले एक लहानसे छिद्र, जे कदाचित त्याच्या जीवघेण्या दुखण्याची खूण असावी.

सर्वांत विलक्षण वस्तू मात्र डोक्याशी होती. पूर्वीच्या क्ष-किरण चित्रांत तेथे एक अपारदर्शक आकार दिसे, आणि जन्मवेळची वार श्रद्धेने जपून सोबत दिली असावी असा गंभीर तर्कही त्यावरून झाला होता. नव्या चित्रांत ते निघाले मातीचे एक ओबडधोबड वाडगे. राळ ओतताना ओघळ पडू नये म्हणून कारागिरांनी ते डोक्याखाली धरले असावे, राळ थिजून ते कवटीला घट्ट चिकटले असावे, आणि खरवडून काढण्याची खटपट फसल्यावर त्यांनी मुकाट्याने त्यासकट देह गुंडाळून टाकला असावा, असे अभ्यासकांना वाटते.

इतिहासाचार्य राजवाडे बखरीवर विसंबून न राहता अस्सल कागदपत्रांचे रुमाल सोडवीत गावोगाव हिंडले, त्याचे मर्म या वाडग्यात आहे. पेटीवरचा लेख ही वारसांनी लिहविलेली बखर: तीत हुद्दा आहे, कुळी आहे, देवाची कृपा आहे, कारागिरांची चूक तीत येणे शक्यच नव्हते. पण त्या बखरीला खोटी म्हणून दूर सारावे, तर हाती उरते एका निनावी प्रेताच्या डोक्यास चिकटलेले निनावी वाडगे. नावगाव लेखाने दिले, फजिती देहाने सांगितली. दोन्ही साक्षी पुढे आल्या, तेव्हा खोन्सूच्या मंदिरातला माणूस आणि त्याला घाईने बांधणारे हात एकदमच दृष्टीस पडले.

नेस्पेरेन्नुब परत लंडनला गेला. परंतु सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली आणलेली एक ममी वडोदऱ्याच्या संग्रहालयात आजही आहे. तिच्यापुढे उभे राहणाऱ्याने आधी पाटीवरचा मजकूर सावकाश वाचावा, आणि मग त्या घट्ट कापडाकडे तितक्याच सावकाशीने पाहावे.