मरोळचें आकाश आणि पेंचचें आकाश

चैत्र महिन्याचें नांव चित्रा या ताऱ्यावरून पडलें. या महिन्यांतील पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास असतो. वसंतांतील रात्रीं उत्तरेस सप्तर्षी शोधावे. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढें नेली असतां नारिंगी स्वाती लागते, आणि तीच वाट आणखी लांबविली कीं शुभ्र चित्रा. एवढें आम्हांस मरोळांतील गच्चीवरूनहि दिसतें. परंतु निर्मळ, काळोख्या आकाशांत एका वेळीं दोन हजारांवर तारे नुसत्या डोळ्यांनीं दिसूं शकतात; आमच्याकडे ते थोडक्या वेळांत मोजून होतात.

मग बाकीचे तारे गेले कोठें? ते जागच्या जागींच आहेत. रस्ते, इमारती, जाहिरातींचे फलक व विमानतळ यांच्या दिव्यांचा जो प्रकाश वर जातो, तो हवेंतील धुळीवर व बाष्पावर विखुरतो आणि सारें आकाश पांढुरकें करून टाकतो. दिवसा काजवा दिसत नाहीं, तसेंच हें आहे.

मोठी दुर्बीण आणली म्हणजे काम भागेल, असें विद्यार्थ्यांस वाटेल. पण दुर्बीण हा फिकट उजेडहि गोळा करते. तारा बिंदूसारखा असल्यामुळें तो तरी उठून दिसतो. दीर्घिका, म्हणजे आमच्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह, दुर्बिणींत पसरट व अंधुक दिसतात आणि या उजेडांत विरून जातात. सप्तर्षींच्या शेवटच्या ताऱ्याजवळ अशी एक भोंवऱ्यासारखी दीर्घिका आहे. तिचा प्रकाश दोन कोटींहून अधिक वर्षें प्रवास करून येतो, आणि आमच्या दारापाशीं येऊन आमच्याच दिव्यांत बुडतो.

यावर उपाय आहे. नागपूरच्या उत्तरेकडील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें भारतांतील पहिलें काळोख्या आकाशाचें उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आशियांतील तें पांचवें. त्यासाठीं आसपासच्या गांवांतील शंभरांहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश केवळ जमिनीकडे पडेल असें करण्यांत आलें. गांवें अंधारांत गेलीं नाहींत. वाया जाणारा उजेड तेवढा थांबला.

आकाशदर्शनास जाणाऱ्यानें अमावास्येच्या जवळची रात्र निवडावी आणि डोळ्यांस अर्धा तास काळोखाची संवय होऊं द्यावी. मध्येंच पांढरा दिवा लावल्यास ती संवय मोडते. म्हणून नकाशा पाहण्यास मंद तांबडा दिवा घ्यावा. पेंच दूर पडत असल्यास पालकांनीं मुलांस निदान कर्जतच्या वाटेवरील वांगणीस न्यावें. मुंबईच्या खगोल मंडळानें तेथें रात्रभराचे कार्यक्रम पुष्कळ वेळां केले आहेत.

नासलेली नदी शुद्ध होण्यास वर्षें लागतात. आकाशाचें तसें नाहीं. ज्या रात्रीं आम्ही दिव्यावर झांकण बसवूं, त्याच रात्रीं तितका काळोख आम्हांस परत मिळेल, आणि त्याबरोबर कांहीं तारेहि.