प्रकल्पाचा हिशेब आणि माणसांचा मेळ : कृत्रिम बुद्धिमत्तेचा वास्तव परिणाम

ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात आणि ठरलेल्या दर्जाचे काम अनेक हातांकडून पुरे करून घेणे म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन. धरण असो, रस्ता असो, संगणकप्रणाली असो की साखर कारखान्याचा एक गळीत हंगाम, सहा कामे कुठेही चुकत नाहीत : कामाचे टप्पे पाडणे, त्यांचा क्रम लावणे, माणसे व साहित्य नेमणे, खर्चावर लक्ष ठेवणे, अडचण वेळेआधी ओळखणे आणि सर्व संबंधितांची संमती टिकवणे. यांतली पहिली पाच कामे नोंदींवर चालतात. सहावे विश्वासावर चालते. कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे एआयने, पहिल्या पाच कामांचा खर्च आणि वेळ बराच कमी केला आहे. सहावे मात्र होते तितकेच अवघड आहे. एआयच्या परिणामाचा विचार या फरकापासूनच सुरू करावा लागतो.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा शहराला लागून असलेले लोणखेडा आणि त्याचा परिसर हा फरक तपासायला योग्य आहे. याच तालुक्यात पुरुषोत्तमनगरचा सातपुडा सहकारी साखर कारखाना आहे, तापीवर सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज आहेत, नर्मदाकाठच्या विस्थापितांच्या वसाहती आहेत आणि देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी ज्या गावात दिले गेले ते टेंभलीही आहे. मोठ्या प्रकल्पांचे यश आणि उशीर, दोन्ही येथे जवळून दिसतात.

आधीची साधने

प्रकल्पाच्या नियोजनाला शास्त्राचे रूप विसाव्या शतकात आले. १९१० च्या दशकात हेन्री गँट यांनी आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला. कोणते काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे त्यात एका नजरेत दिसते. १९५७ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत विकसित झाली : जी कामे एक दिवस लांबली तर सारा प्रकल्प एक दिवस लांबतो, त्यांची साखळी शोधणारी. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही नियोजनाची पद्धत आली. पुढे संगणक आले आणि २००१ च्या ‘अजाइल’ जाहीरनाम्यानंतर संगणकप्रणालींच्या क्षेत्रात छोट्या टप्प्यांत काम करून सुधारत जाणारी ती पद्धत पसरली.

साधने सुधारत गेली, तरी उशीर हटला नाही. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी जगभरातील १६ हजारांहून अधिक प्रकल्पांची माहिती गोळा केली. खर्च आणि वेळ या दोन्हींत ठरल्याप्रमाणे पार पडलेले प्रकल्प त्यांत अवघे ८.५ टक्के निघाले. अपेक्षित लाभही मिळाला, असे तर फक्त ०.५ टक्के. याचे एक कारण डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडले होते : माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज आशेवर बांधतो, तशाच इतर कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे पाहत नाही. एआयची खरी उपयुक्तता येथे सुरू होते, कारण जुन्या कामांचा इतिहास पाहणे हाच तिचा मुख्य गुण आहे.

एआय नेमके काय करते

प्रकल्पांत आज वापरात असलेली एआय तीन प्रकारची आहे. पहिली भाकिताची. मागील कामांच्या नोंदींवरून ती नव्या कामाचा खर्च आणि कालावधी वर्तवते, तसेच कोणता टप्पा घसरण्याची शक्यता आहे हे दाखवते. दुसरी प्रतिमांची. उपग्रह, ड्रोन किंवा कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून ती काम किती झाले, पीक कोणत्या अवस्थेत आहे, कुठे तडा आहे, हे ओळखते. तिसरी भाषेची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यावर ती घरोघरी पोचली. बैठकीचे इतिवृत्त, प्रगती अहवाल, निविदेचा कच्चा मसुदा, दोनशे पानांच्या करारातील अटींचा गोषवारा ही कामे ती काही मिनिटांत करते.

यांतील भाषेची एआय सर्वांत झटपट रुजली, कारण तिला वेगळी तयारी लागत नाही. भाकिताच्या एआयला मात्र पाच-दहा वर्षांच्या खऱ्या, एकसारख्या नोंदी लागतात. बहुतेक कार्यालयांत त्या नसतात. एकाच कामाचे नाव तीन फायलींत तीन प्रकारे लिहिलेले असते आणि उशिराचे कारण म्हणून सगळीकडे ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढेच असते. अशा दप्तरातून यंत्र काही शिकू शकत नाही.

गळीत हंगाम : एक पूर्ण उदाहरण

साखर कारखान्याचा हंगाम हा दर वर्षी नव्याने उभा राहणारा आणि चार-पाच महिन्यांत संपणारा प्रकल्प आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा वेगवेगळ्या लागणींचा ऊस वेगवेगळ्या वेळी पक्व होतो. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळपाला जावा लागतो. उशीर झाला की वजन आणि साखर दोन्ही घटतात. उसाची किंमत उताऱ्याशी, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेच्या प्रमाणाशी, बांधलेली आहे. केंद्राचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला धरून ठरतो. त्यामुळे कोणते शेत कोणत्या दिवशी तोडायचे, हा कारखाना आणि शेतकरी दोघांच्याही पैशाचा प्रश्न आहे.

आजवर हा तोडणी कार्यक्रम शेतकी विभाग लागण-नोंदीच्या तारखेवरून लावत आला. चिटबॉय, म्हणजे त्या विभागाचा कर्मचारी, शेतावर जातो, तोडणी कामगारांची टोळी ठरते, मुकादमाला निरोप जातो, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाड्यांची जुळणी होते. या कामात एआय तीन ठिकाणी थेट उपयोगी पडते. उपग्रहाच्या प्रतिमांवरून नोंदलेले क्षेत्र खरे आहे का आणि टनेज किती मिळेल, याचा अंदाज येतो. पानांतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून पक्वतेचा अदमास बांधता येतो. आणि पाऊस पडून चिखल झाला, एखादी टोळी निघून गेली किंवा गव्हाणीत बिघाड झाला, तर वाहने आणि टोळ्यांचा नवा मेळ तासाभरात लावता येतो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने उसावर एआयचे प्रयोग केले आहेत. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५–२९’ मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली. दिशा त्यावरून कळते.

पण हंगाम अडतो तो बहुधा वेगळ्या कारणांनी. टोळ्यांनी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती फिटली की नाही यावर त्यांचे राहणे-जाणे ठरते. नंदुरबार-धुळ्याचे आदिवासी तोडणी कामगार मोठ्या संख्येने दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जातात. ते कधी निघतील, हे तिकडच्या हंगामावर आणि घरच्या गरजेवर अवलंबून असते. शेजाऱ्याने बांधावरून वाट दिली नाही, तर पक्व ऊसही उभा राहतो. तोडणीच्या क्रमात वशिला चालतो, ही ऊसपट्ट्यातली जुनी तक्रार आहे. यंत्राने लावलेला क्रम आपोआप न्याय देत नाही. परंतु तो क्रम तारखेसह गावात जाहीर केला, तर तो कुणी आणि का बदलला हे सभासदाला विचारता येते. पारदर्शकता हा एआयचा उताऱ्याइतकाच मोलाचा लाभ ठरू शकतो, मात्र संचालक मंडळाने यादी उघड करण्याचे ठरवले तरच.

शिवाय यंत्राला उद्दिष्ट कोण देतो, हा प्रश्न उरतो. फक्त साखरेचा उतारा वाढवायचा, असे सांगितले तर अर्ध्या एकराचा खोडवा असलेला शेतकरी शेवटी जाईल. त्याचे रान पुढच्या पिकासाठी वेळेत मोकळे होणार नाही. छोट्या शेतकऱ्याचे नुकसान किती मोजायचे, हा गणिताचा भाग नव्हे. तो सहकारातील माणसांनी घ्यायचा निर्णय आहे.

दप्तरात नसलेला उशीर

गणितात न बसणाऱ्या माणसांच्या याच प्रश्नाचे मोठे रूप नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाचा इतिहास दाखवतो. पायाभरणी ५ एप्रिल १९६१ रोजी झाली, नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला आणि धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. १९८८ मध्ये मंजूर झालेला ६,४०६ कोटी रुपयांचा अंदाज २०१० पर्यंत ३९,२४० कोटींवर गेला. महाराष्ट्रात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली आली. अनेक कुटुंबे शहादा आणि तळोदा तालुक्यांतील वसाहतींत आली.

काँक्रीट, दरवाजे, कालवे यांचे वेळापत्रक कोणत्याही संगणकाला मांडता आले असते. पाणी चढण्याआधी जमीन देऊन पुनर्वसन करावे, अशी लवादाची अट होती. ती पाळण्यासाठी बाधित कोण, हे आधी ठरायला हवे होते. डोंगरातल्या अनेक कुटुंबांची वनजमिनीवरील कसणूक, म्हणजे नेवाड, महसुली दप्तरात नव्हती. घोषित आणि अघोषित बाधितांचा वाद पिढीभर चालला. आंदोलने, न्यायालयीन लढे, पुन्हा पुन्हा झालेली सर्वेक्षणे यांतून यादी वाढत गेली. जे कुटुंब नोंदीतच नाही, ते भाकीत करणाऱ्या प्रणालीलाही दिसत नाही. जुन्या दप्तरावर शिकलेली एआय जुनाच अन्याय नव्या वेगाने पुढे नेईल, हा धोका अशा जिल्ह्यांत सर्वाधिक आहे.

नोंद खोटी असेल तर

नोंद नसण्याइतकीच खोटी नोंदही घातक असते. रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांत आधी, १९७७ मध्ये, महाराष्ट्राने केला. पुढे राष्ट्रीय योजनेत मजुरांची हजेरी छायाचित्रासह मोबाइल ॲपवर घेणे १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच गैरप्रकारांची यादी काढावी लागली : कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र, प्रत्यक्षातील आणि नोंदीतील मजुरांच्या संख्येत तफावत. अशा प्रतिमा ओळखायला एआय मदत करील, यात शंका नाही. पण नेटवर्क नसलेल्या पाड्यावर छायाचित्र चढले नाही म्हणून ज्याची मजुरी अडते, त्याला अधिक चलाख प्रणालीपेक्षा ऐकून घेणारा माणूस आधी हवा.

वेळ खरोखर वाचतो का

एआयमुळे काम जलद होते, हे बहुतेकांना वाटते. मोजल्यावर चित्र संमिश्र दिसते. मीटर या अमेरिकी संस्थेने जुलै २०२५ मध्ये १६ अनुभवी संगणक अभियंत्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. एआयची साधने वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, तरी आपण २० टक्के जलद झालो असे त्यांना वाटत होते. हा निष्कर्ष सर्व कामांना लागू होत नाही, मसुदे लिहिण्यात वेळ वाचतोच. पण वाचलेला वेळ तपासणीत जातो, आणि तपासणी टाळली तर किंमत मोजावी लागते. डेलॉइट या सल्लागार कंपनीने एआयच्या मदतीने तयार करून ऑस्ट्रेलिया सरकारला दिलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ आढळले आणि २०२५ मध्ये कंपनीला मानधनाचा काही भाग परत करावा लागला. अंदाजपत्रकात असा एक बनावट दर शिरला, तर निविदाच चुकते.

नोकऱ्या आणि शिक्षण

माहिती गोळा करणे, प्रगतीवर लक्ष ठेवणे, अहवाल देणे अशी प्रकल्प व्यवस्थापनाची ८० टक्के कामे २०३० पर्यंत एआयकडे जातील, असे भाकीत गार्टनर या संस्थेने २०१९ मध्ये केले होते. कामांचा रोख त्याने बरोबर सांगितला. टक्केवारी मात्र अजून सिद्ध व्हायची आहे. टीसीएस या संगणक सेवा कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक जागा कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार होती. एआयमुळे ही कपात होत नसून कौशल्ये जुळत नाहीत, असे कंपनीने सांगितले. कारण कोणतेही असो, केवळ खालून आलेली माहिती वर पोचवणाऱ्या पदांचे दिवस थोडे उरले आहेत.

लोणखेड्याच्या पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या संकुलासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी यात संधीही आहे. इंग्रजी अहवाल सफाईने लिहिता येणे हा शहरी उमेदवाराचा मोठा फायदा होता. भाषेच्या एआयने तो कमी केला. ज्याला सात-बारा वाचता येतो, मोजमाप पुस्तिका समजते, बांधावर उभे राहून दोन भावकींत तोडगा काढता येतो, त्याचे मोल वाढले. अभ्यासक्रमात संगणकाच्या बरोबरीने सर्वेक्षण, करारांचे वाचन आणि क्षेत्रभेटी यांना वजन द्यायला हवे.

भाषेचा प्रश्नही येथे निकडीचा आहे. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे एआयवर चालणारे भाषांतराचे साधन आणले. त्यात आरंभी संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषा होत्या. सातपुड्यातील पावरी आणि नवापूरकडची मावची त्यांत नव्हत्या. ग्रामसभेत प्रकल्पाची माहिती ज्या भाषेत द्यायची, तीच यंत्राला येत नसेल, तर तेथे दुभाषी कार्यकर्ता हाच प्रकल्पाचा कणा राहतो.

वापराच्या अटी

कारखाना, पाटबंधारे विभाग, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांनी एआय वापरावी; ती टाळण्यात शहाणपण नाही. मात्र चार अटी पाळल्या तरच ती लाभते. एक, आधी आपली नोंद शुद्ध करावी, विशेषतः उशिराचे खरे कारण लिहिण्याची शिस्त लावावी. दोन, यंत्राचा अंदाज जुन्या प्रकल्पांच्या प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहावा आणि अंतिम आकड्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. तीन, ज्यांच्या जमिनीवर, मजुरीवर किंवा उसावर निर्णयाचा परिणाम होतो, त्यांना निर्णयाचे कारण त्यांच्या भाषेत कळावे आणि हरकतीसाठी माणूस भेटावा. चार, लोकांची वैयक्तिक माहिती बाहेरच्या प्रणालीत टाकताना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे भान ठेवावे.

या अटींवर एआय अहवालांचा भार उतरवील, धोक्याची सूचना लवकर देईल आणि नियोजनातील भाबडी आशा आकड्यांनी रोखील. वाचलेला वेळ पुन्हा अहवालांतच घालवला, तर प्रकल्प पूर्वीइतकेच लांबतील. तो वेळ शेतावर, वसाहतीत आणि ग्रामसभेत खर्च केला, तर ज्या कारणांनी प्रकल्प खरोखर अडतात, त्या कारणांपर्यंत व्यवस्थापक वेळेत पोचेल.