वसईचा लोहमार्ग: खाडी, पूल आणि बागायत

वसईतल्या सांडोर गावाच्या पूर्वेला, माणिकपूरपलीकडे, वसई रोड स्थानक आहे. चर्चगेटपासून सुमारे ५२ किलोमीटरवरच्या या स्थानकातून जाणारा सुरत–मुंबई लोहमार्ग २८ नोव्हेंबर १८६४ रोजी ग्रँट रोडपर्यंत खुला झाला. तो बांधणारी ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे’ ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली होती. बीबीसीआय या आद्याक्षरांनी ती ओळखली जाई.

मुंबईतून बाहेर पडणारा पहिला लोहमार्ग ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीचा होता. १६ एप्रिल १८५३ रोजी त्यावरून बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. बीबीसीआयचे काम मात्र गुजरातेत सुरू झाले. अंकलेश्वर ते उत्राण हा तिचा पहिला टप्पा १० फेब्रुवारी १८६० रोजी पुरा झाला आणि तिथून रूळ दक्षिणेकडे सरकत मुंबईला पोहोचले. गुजरातचा कापूस मुंबई बंदरात आणणे हा या मार्गामागचा मोठा हेतू होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिथला कापूस विलायतेला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले. मार्ग नेमका याच वर्षांत तयार झाला.

किनाऱ्याने येणाऱ्या या मार्गाला घाट चढावा लागला नाही, पण नद्या आणि खाड्या एकामागून एक आडव्या आल्या. नर्मदा, तापी, दमणगंगा, वैतरणा आणि शेवटी वसईची खाडी. कंपनीचे अभियंते कर्नल जॉन पिट केनेडी यांनी मोठ्या पुलांसाठी एकसारखी रचना ठरवली. साठ फुटी गाळे, त्रिकोणी बांधणीच्या लोखंडी वॉरेन तुळया आणि खाली ओतीव लोखंडाचे खांब. खांबांच्या टोकाला मळसूत्री पाती असत; खांब फिरवला की तो गाळात खोल रुते. सगळे गाळे एका मापाचे असल्यामुळे एकाच नमुन्याचे सुटे भाग ठिकठिकाणी वापरता येत.

वसईच्या खाडीत पाणजू बेट आहे. त्यामुळे मार्ग दोन पुलांनी खाडी ओलांडतो: भाईंदर ते पाणजू आणि पाणजू ते नायगाव. जुनी वसई, तिचा किल्ला आणि बंदर खाडीच्या मुखाशी, पश्चिमेला राहिले. स्थानक गावापासून दूर पडले, म्हणून त्याच्या नावाला ‘रोड’ जोडला गेला: वसईला जाणाऱ्या रस्त्यावरचे स्थानक. याच मार्गावरच्या केळवे रोड आणि डहाणू रोड या नावांतही तोच अर्थ आहे.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतले बॅकबे अशी रोजची गाडी सुरू झाली. ती सकाळी पावणेसातला विरारहून निघे आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परते. त्या वेळच्या थांब्यांच्या यादीत नीला म्हणजे नालासोपारा, बसीन म्हणजे वसई आणि पाणजू ही नावे आहेत. कामावर जाणाऱ्या माणसाला सोयीचे हे वेळापत्रक म्हणजे आजच्या उपनगरी लोकलचे मूळ होय. पाणजूचा थांबा पुढे राहिला नाही; गाड्या आज बेटावरून न थांबता जातात.

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा–बोरिवली मार्ग विजेवर चालू झाला आणि १९३६ साली वीज विरारपर्यंत पोहोचली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी बीबीसीआय अन्य काही रेल्वेंसह पश्चिम रेल्वेत विलीन झाली.

सुरुवातीला उल्लेख आलेले सांडोर हे जुनी वसई आणि नवे स्थानक यांच्या मधल्या पट्ट्यातले गाव. या पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये केळी, पानवेल, फुले आणि भाजीपाला पिके. असा माल नासका. तो तोडल्यापासून काही तासांत बाजारात पोहोचला तरच त्याला भाव. खाडीतून गलबताने जाणारा माल भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर अवलंबून असे. रेल्वेने त्याला ठरलेली वेळ दिली. बागायतदाराच्या टोपल्या पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात पोहोचू लागल्या.

मात्र माल नेणाऱ्या रुळांनीच पुढे शहराला वसईत आणले. स्थानकाभोवती नवघर-माणिकपूर वाढले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. बागायत आणि पाणी वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली.

मार्गही विस्तारत गेला. जूचंद्र, कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड आणि कोपर या स्थानकांवरून जाणाऱ्या मार्गाने वसई रोड दिव्याला, म्हणजे मध्य रेल्वेला जोडले गेले. मुंबई शहर टाळून गुजरातकडून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या याच वाटेने वळतात. बोरिवली–विरार पट्ट्यात दोनाचे चार रूळ झाले. १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल विरारपुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर आणि वाणगाव ही स्थानके घेत डहाणू रोडपर्यंत धावू लागली. १८६७ साली विरारला संपणारी उपनगरी वाट अशी दीड शतकाच्या आत डहाणूपर्यंत पोहोचली.