कॉन्ट्रास्ट खरंच वाढला, की फक्त स्केल ताणली गेली?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी गाईड सरांना एक इमेज दाखवायला गेले होते. फँटममधली सिस्ट जुन्या पद्धतीने राखाडी दिसायची, माझ्या नव्या बीमफॉर्मरमध्ये ती काळीकुट्ट आली होती. कॉन्ट्रास्ट 25 डीबीवरून जवळपास 50 डीबी! ॲबस्ट्रॅक्ट अर्धा लिहून तयार होता.

सरांनी एकच विचारलं, "जुनी इमेज किती डायनॅमिक रेंजवर दाखवली आहेस?"

"60 डीबी, सर. दोन्ही 60वरच आहेत."

"जुनी 30वर लावून बघ."

लावली. दोन इमेज शेजारी ठेवल्या तर कोणती माझी आणि कोणती जुनी, हे मलाच सांगता येईना.

या फजितीमागचं गणित सोपं आहे, पण संशोधनाच्या सुरुवातीला ते कुणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून ही पोस्ट.

डायनॅमिक रेंज म्हणजे सर्वात मोठ्या आणि सर्वात लहान सिग्नलमधलं अंतर. भर दुपारी देवळाच्या दारातून मोबाइलने गाभाऱ्याचा फोटो काढून बघा. मूर्ती दिसली तर अंगण पांढरंफटक, अंगण नीट आलं तर गाभारा काळा. सोनोग्राफीत हा प्रश्न फार मोठा होतो. हाडावरून येणारा प्रतिध्वनी आणि यकृताच्या आतून येणारा प्रतिध्वनी यांत प्रचंड फरक असतो. शिवाय मऊ ऊतींत ध्वनी क्षीण होत जातो. ढोबळ नियम आहे दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला 0.5 डीबी. म्हणजे 5 मेगाहर्ट्झचा प्रोब घेऊन 10 सेंटिमीटर खोल जाऊन परत यायचं तर 50 डीबी वाटेतच गेले. खोलीनुसार होणारी ही घट टीजीसी भरून काढतं.

तरीही उरलेला पसारा स्क्रीनला झेपत नाही. 60 डीबी म्हणजे ॲम्प्लिट्यूडमध्ये 1000 पट, आणि राखाडी छटा आपल्याकडे 256. म्हणून एन्व्हलप काढल्यावर आपण लॉग घेतो, सर्वात उजळ पिक्सेलला 0 डीबी म्हणतो आणि −60च्या खालचं सगळं काळं करून टाकतो. हा −60 कुणी ठरवला? आपणच. मशीनवरही यासाठी वेगळं बटण असतं. गेन वाढवला की सगळी इमेज एकसारखी उजळते. डायनॅमिक रेंज कमी केली की मधल्या छटा गायब होतात आणि काळं-पांढरं ठळक होतं. डॉक्टर ते बटण बिनदिक्कत फिरवतात, आणि त्यात चूक काही नाही. पण बटण फिरवून कुणी "मी नवं मशीन बनवलं" म्हणत नाही. मी नेमकं तेच करत होते.

माझ्या पद्धतीतलं वेटिंग प्रत्यक्षात जवळजवळ ॲम्प्लिट्यूडचा वर्ग करत होतं. आता कागद-पेन घ्या. आजूबाजूची ऊती −10 डीबीवर, सिस्ट −35वर: कॉन्ट्रास्ट 25. वर्ग केला की लॉगमध्ये सगळं दुप्पट. ऊती −20, सिस्ट −70, कॉन्ट्रास्ट 50. नवी माहिती शून्य! वर्ग केलेली इमेज 60 डीबीवर दाखवणं आणि मूळची 30वर दाखवणं, दोन्ही एकच.

कुणी मुद्दाम वर्ग करत नाही, हे खरं. पण कोहिरन्स फॅक्टरसारख्या पद्धती बघा. प्रत्येक पिक्सेलला 0 ते 1 मधल्या एका आकड्याने गुणायचं, आणि जिथे सिग्नल कमकुवत आणि नॉइज जास्त, तिथे हा आकडा लहान. मग अंधारी जागा आणखी अंधारी होणारच. त्यातला काही भाग खरोखर क्लटर कमी झाल्याचा असतो आणि काही नुसता ताणल्याचा. हे दोन वेगळे कसे करायचे, हा खरा प्रश्न.

ओस्लो विद्यापीठातल्या रिंदाल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये याच विषयावर पेपर लिहिला. त्यांची चाचणी मला फार आवडते. ठरलेल्या उताराने उजेडाकडून अंधाराकडे जाणारी पट्टी सिम्युलेट करायची आणि बीमफॉर्मरच्या आउटपुटमध्ये तो उतार तेवढाच राहतो का, ते बघायचं. उतार वाढला तर पद्धतीने डायनॅमिक रेंज बदलली.

त्याहून झटपट उपाय स्पेकलमध्ये दडलेला आहे. पूर्ण विकसित स्पेकलचा एन्व्हलप रेले वितरण पाळतो, त्यामुळे डीबीमध्ये त्याचं प्रमाण विचलन साधारण 5.6 येतं, मग भाग उजळ असो वा मंद. फँटमचा एकसारखा तुकडा निवडा आणि मोजा. माझ्या इमेजमध्ये 11 येत होतं. हे पाच मिनिटांचं काम आधी केलं असतं तर ॲबस्ट्रॅक्ट लिहायचे चार दिवस वाचले असते.

मग मोजायचं काय? 2020 मध्ये रॉड्रिगेझ-मोलारेस आणि सहकाऱ्यांनी जीसीएनआर मांडला. सिस्टच्या आतल्या पिक्सेलचा हिस्टोग्राम, बाहेरच्यांचा हिस्टोग्राम, आणि 1 मधून त्यांचा सामाईक भाग वजा. पूर्ण वेगळे असतील तर 1, पूर्ण एकमेकांवर असतील तर 0. वर्ग करा, लॉग घ्या, क्रम बदलत नाही तोवर पिक्सेलची सरमिसळ तीच राहते, म्हणून जीसीएनआरही तोच.

दोन सूचना, दोन्ही चुका करून शिकलेल्या. पीएनजी फाइलवरून मोजू नका. तिथे −60च्या खालचं आधीच कापलेलं असतं. आणि पिक्सेल थोडे, बिन भरमसाट असं केलं तर हिस्टोग्राम विरळ होऊन आकडा उगाचच 1कडे सरकतो.

मात्र जीसीएनआर म्हणजे सगळं आलं असंही नाही. तो गाठ वेगळी दिसते का एवढंच सांगतो, किती उजळ आहे हे नाही. फॅटी लिव्हर बघताना डॉक्टर यकृताची चमक उजव्या मूत्रपिंडाशी ताडून बघतात. तिथे अल्गोरिदमने स्केल ताणली तर किंचित उजळ यकृत बरंच उजळ वाटू शकतं. तिथे उताराची चाचणीच लागते.

माझ्या इमेजचा जीसीएनआर जुन्या पद्धतीच्या तुलनेत दुसऱ्या दशांशापर्यंत तोच निघाला. ॲबस्ट्रॅक्ट गेलं नाही. टेबलात स्पेकलचं विचलन आणि जीसीएनआर असे दोन रकाने वाढले, आणि आता प्रत्येक इमेजखाली डायनॅमिक रेंज लिहिल्याशिवाय सर ती बघतच नाहीत.