हळदीचें पेव आणि चलनकलन

गणित कागदावर जन्मतें व परीक्षेंत मरतें, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. चलनकलनाविषयीं तर ती विशेषच दृढ आहे. ज्यांस ती घालवावयाची असेल, त्यांनीं सांगलीजवळचें हरिपूर आठवावें.

महाबळेश्वरीं उगम पावून, साताऱ्याजवळ माहुली येथें वेण्णेस पोटांत घेऊन कृष्णामाई खालीं येते. हरिपुरास तिला वारणा मिळते. येथील घट्ट जमिनींत पेवें खणून त्यांत हळद सांठविण्याची चाल जुनी आहे. पेवाचें तोंड माणूस उतरेल इतकेंच अरुंद, आणि पोट मात्र ऐसपैस. हळद भरून तोंड बंद केलें, म्हणजे आंतील प्राणवायु संपत येतो व कीड जगत नाहीं. म्हणून माल वर्षानुवर्षें टिकतो. ह्याच कारणास्तव पेव उघडल्यावर कांहीं तास गेल्याखेरीज आंत कोणी उतरत नाहीं.

आतां प्रश्न असा. मालाचा मातीशीं स्पर्श जितका कमी, तितकी ओलीची भीति कमी. तेव्हां माल तेवढाच ठेवून तळ, छत व भिंत मिळून पृष्ठफळ कमींत कमी कसें होईल?

प्रथम पेव वृत्तचितीच्या, म्हणजे सरळ डब्याच्या आकाराचें मानूं व घनफळ ७८५ घनफूट धरूं. त्रिज्या ४ फूट घेतल्यास खोली साडेपंधरा फुटांहून किंचित् अधिक येते व पृष्ठफळ ४९३ चौरस फूट भरतें. त्रिज्या ६ फूट घेतल्यास खोली सुमारें ७ फूट व पृष्ठफळ ४८८. मधली ५ फूट घेतल्यास खोली १० फूट व पृष्ठफळ अवघें ४७१! परंतु ५ हीच संख्या सर्वोत्तम कशावरून? एकेक संख्या घेऊन पाहूं लागल्यास आयुष्य पुरणार नाहीं. येथें चलनकलन साह्यास येतें.

त्रिज्या वाढूं लागली, कीं तळ व छत वाढतात. खोली कमी होऊन भिंत मात्र घटते. तळ-छताच्या वाढीचा वेग परिघाच्या दुप्पट असतो. भिंतीच्या घटीचा वेग, भिंतीचें क्षेत्रफळ भागिलें त्रिज्या, इतका असतो. हे दोन वेग समान होतात, तेथें पृष्ठफळ क्षणभर स्थिर होतें, आणि तेंच त्याचें लघुतम मान होय. भिंतीचें क्षेत्रफळ म्हणजे परिघ गुणिलें खोली. समीकरण मांडून परिघ दोहींकडून काढला, कीं खोली त्रिज्येच्या दुप्पट, म्हणजे व्यासाइतकी येते. ५ फूट त्रिज्येस १० फूट खोली, हा मेळ आपोआप बसला.

परम मानाच्या स्थळीं वाढीचा वेग शून्य होतो, हें मर्म आपल्याकडे अपरिचित नव्हतें. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें रचिलेल्या सिद्धान्तशिरोमणींत ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार केला असून, जेथें फल परम तेथें गतिफल शून्य, असें दाखविलें आहे. ह्या कल्पनेचें सर्वांगपूर्ण शास्त्र मात्र सतराव्या शतकांत न्यूटन व लायब्निट्झ ह्यांनीं उभारिलें. दोन्ही गोष्टी सत्य आहेत. एकीसाठीं दुसरी झांकूं नये.

गोलाचें पृष्ठफळ त्याच्या मध्यवृत्ताच्या क्षेत्रफळाच्या चौपट, हें लीलावतींत सांगितलेंच आहे. तितक्याच घनफळाच्या गोलाचें पृष्ठफळ काढल्यास तें सुमारें ४१२ चौरस फूट येतें. म्हणजे उत्तम डब्याहूनही ५९ कमी. अरुंद तोंडाचें, फुगीर पोटाचें पेव डब्यापेक्षां गोलाकडेच झुकतें! खणणाऱ्यानें समीकरण मांडलें नव्हतें. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्याच दिशेस गेला.

तथापि गणितास जें विचारावें, तेवढ्याचेंच तें उत्तर देतें. इ. स. २००५ च्या महापुरांत अनेक पेवांत पाणी शिरून हळदीची मोठी हानि झाली, आणि पुढें शीतगृहांकडे व्यापाऱ्यांचा ओढा वाढला. पृष्ठफळाचा हिशेब चुकला नव्हता. परंतु कृष्णा किती चढेल, हा प्रश्न त्या हिशेबांत नव्हताच. उत्तर काढण्याइतकेंच प्रश्न नीट विचारणेंही शिकावें लागतें, आणि हें दुसरें शिक्षण शाळेपेक्षां घरांत अधिक होतें.

तेव्हां वडीलधाऱ्यांनीं एखाद्या सायंकाळीं मुलांहातीं मोजपट्टी देऊन स्वयंपाकघरांतील डबे मोजवावे. ज्याची उंची व्यासाइतकी नाहीं, तो तसा कां केला असेल, हें त्यांस विचारावें. फळीची रुंदी, हाताची पकड, झाकणाचा पत्रा, अशीं अनेक कारणें तींच शोधून काढतील. आणि चलनकलन त्या दिवसापासून त्यांस परकें वाटणार नाहीं.